मुलाच्या गंभीर आजारानंतर आईची नोकरी: रजेच्या अर्जापासून पुन्हा रुजू होईपर्यंत

मुलाला गंभीर आजार असल्याचे कळले की घरात पहिला प्रश्न उपचारांचा असतो. आईच्या नोकरीचा प्रश्न बहुधा कोणी विचारतच नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांनी गृहीत धरलेले असते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, म्हणजे गोमेकॉत, मूल दाखल झाल्यावर चार-पाच दिवसांतच आईने राजीनामा द्यावा असे ठरते, आणि ते ठरवणाऱ्यांपैकी कोणाकडेही त्या वेळी उपचार किती महिने चालणार याची माहिती नसते. काही आजारांत नोकरी सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही, हे मला मान्य आहे. तरीही उपचारांचे वेळापत्रक हाती येईपर्यंत हा निर्णय थांबवावा, कारण आईच्या नोकरीवर तिच्या पगाराखेरीज मुलाचे विमासंरक्षण, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि आजार ओसरल्यानंतरची तिची स्वतःची उभारी एवढे सगळे अवलंबून असते. पुढचे टप्पे साधारण ज्या क्रमाने समोर येतात, त्याच क्रमाने येथे मांडले आहेत.

पहिले पंधरा दिवस: रजा मागा, राजीनामा लिहू नका

पहिल्या दिवशी वरिष्ठांना फोन करून कळवले तरी दोन-तीन दिवसांत लेखी अर्ज गेलाच पाहिजे. तोंडी मिळालेली परवानगी पुढे कोणाला आठवत नाही, आणि नोंद नसलेली गैरहजेरी सेवापुस्तिकेत किंवा हजेरीपटावर विनापरवाना म्हणून लागू शकते. अर्ज ईमेलने पाठवावा. ते शक्य नसेल तर कागदावर देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. मजकूर लांबवू नये. साधारण पुढीलप्रमाणे लिहिले तरी पुरे होते:

“माझ्या मुलाला गंभीर आजाराचे निदान झाले असून त्याला दिनांक … पासून इस्पितळात दाखल केले आहे. त्याच्यासोबत माझी उपस्थिती आवश्यक असल्याने मला दिनांक … ते … या कालावधीत माझ्या खात्यावरील उपलब्ध रजा मंजूर करावी, ही विनंती. उपचारांचा पुढील कार्यक्रम डॉक्टरांकडून मिळताच मी तो आपणांस लेखी कळवीन. इस्पितळाचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.”

या अर्जात तारखा हव्यात. ‘अनिश्चित काळासाठी’ असे कोणत्याही परिस्थितीत लिहू नये, कारण अनिश्चित रजा मागणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जागी दुसरे माणूस घेणे कार्यालयाला सोपे जाते, तर दोन आठवड्यांची रजा मागून ती संपण्यापूर्वी वाढवून घेणाऱ्याची जागा सहसा राखली जाते. आजाराचे नाव सगळ्या कार्यालयाला सांगण्याची गरज नसते. वरिष्ठ आणि मनुष्यबळ विभाग यांच्यापुरती ती माहिती राहावी आणि ती इतरांपर्यंत जाऊ नये, असे अर्जातच स्पष्टपणे लिहिता येते.

उपचारांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून मागून घ्या

निदानाचा पहिला धक्का ओसरल्यावर डॉक्टरांना मुलाच्या प्रकृतीइतक्याच गंभीरपणे एक प्रश्न विचारावा: येत्या वर्षभरात इस्पितळात दाखल राहावे लागेल असे काळ कोणते, केवळ येऊन जाण्याचे दिवस किती, आणि मूल शाळेत जाऊ शकेल असा काळ केव्हा सुरू होईल? हे विचारायला पुष्कळ आयांना संकोच वाटतो, मुलापेक्षा नोकरीची चिंता आहे असे डॉक्टरांना वाटेल अशी भीती वाटते. परंतु मोठ्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हा प्रश्न नवा नसतो, आणि कुटुंबाचे उत्पन्न टिकले तर उपचार अर्धवट सुटत नाहीत याची जाणीवही त्यांना असते.

या उत्तरावरून रजेची आखणी ठरते. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, याचे उपचार साधारण अडीच ते तीन वर्षे चालतात. त्यांतले सुरुवातीचे काही महिने अत्यंत कडक असतात. नंतर ‘मेंटेनन्स’चा लांब टप्पा येतो, आणि त्यात बरेचसे औषध घरी तोंडाने दिले जाऊन ठरावीक अंतराने रक्ततपासणी होते. या आजारात सलग तीन वर्षे घरी बसण्याची तयारी करणाऱ्या आईला प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यापुरती सलग रजा आणि नंतर अधूनमधून एकेका दिवसाच्या रजेची सोय लागते. हृदयातील छिद्रासारख्या दोषावरची शस्त्रक्रिया असेल, तर काही आठवड्यांची सलग रजा आणि पुढे ठरावीक तपासण्या एवढ्यावर बहुधा भागते. थॅलेसेमिया मेजर या रक्ताच्या आनुवंशिक आजारात मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि ते चालूच राहते. येथे लांब रजेचा उपयोग नसतो. महिन्यातले एक-दोन ठरलेले दिवस कायमचे मिळणे, हीच खरी मागणी असते. टाइप १ मधुमेहात पहिले काही आठवडे इन्सुलिन, साखर मोजणे आणि खाण्याचे प्रमाण शिकण्यात जातात, आणि नंतर सर्वांत मोठी अडचण शाळेच्या वेळेतली असते. अपस्मार (फेफरे) किंवा वारंवार उलटणारा मूत्रपिंडाचा नेफ्रोटिक सिंड्रोम यांचे दिवस आधी ठरत नाहीत, म्हणून अशा वेळी ऐनवेळी निघता येण्याची मुभा सर्वांत मोलाची ठरते.

डॉक्टरांनी सांगितलेले एका कागदावर महिन्यांनुसार लिहून काढावे आणि शक्य असल्यास त्यांच्याकडून प्रमाणपत्राच्या स्वरूपात घ्यावे. कार्यालयाशी होणाऱ्या पुढच्या प्रत्येक बोलण्यात हाच कागद उपयोगी पडतो.

कोणती रजा कोणाला मिळते

सरकारी नोकरीतील आईसाठी सर्वांत महत्त्वाची रजा म्हणजे बालसंगोपन रजा. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधील तरतुदीनुसार स्त्री कर्मचाऱ्याला संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत ही रजा मिळू शकते. ती पहिल्या दोन हयात अपत्यांसाठी, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत घेता येते. मुलाला चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असल्यास वयाची ही मर्यादा लागू नसते. पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण वेतन आणि पुढच्या ३६५ दिवसांना ८० टक्के वेतन मिळते. एका वर्षात ती तीनदा, तर एकल आईला सहा वेळा घेता येते, आणि एका वेळी किमान पाच दिवसांची घ्यावी लागते. ती हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करून घ्यावी लागते. गोवा सरकारच्या खात्यांत आणि अनुदानित शाळांत काम करणाऱ्यांनी आपल्याला लागू असलेले परिपत्रक प्रशासन विभागाकडून किंवा मुख्याध्यापकांकडून लेखी मागून घ्यावे आणि त्याचा संदर्भ अर्जात द्यावा. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयातील सहायक प्राध्यापिकेच्या प्रकरणात अशा रजेचे महत्त्व ठामपणे मांडले. तिच्या मुलाला हाडे ठिसूळ होण्याचा जन्मजात आजार होता आणि तिची रजा संपली होती. स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही मेहेरबानी नसून घटनेने दिलेला हक्क आहे, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले. बालसंगोपन रजा संपली असल्यास अर्जित, अर्धवेतनी आणि शेवटी असाधारण (विनावेतन) रजा असा क्रम ठेवावा.

खासगी नोकरीत मात्र आजारी मुलासाठी पगारी रजा देण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही. प्रसूतिलाभाच्या तरतुदी प्रसूती आणि त्यानंतरच्या काळापुरत्या आहेत. म्हणून शिल्लक रजा, विनावेतन रजा, घरून काम आणि पाळीतील बदल या चारांची सांगड घालावी लागते. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात काम करणाऱ्या आईने रात्रपाळीतून सुटका आणि जनरल शिफ्ट मागावी. हॉटेलात काम करणाऱ्या आईने लांब रजा पर्यटनाच्या हंगामाबाहेर बसवता येते का ते पाहावे. आजार हंगाम पाहून येत नाही हे खरे, पण पुढे ढकलता येणारी शस्त्रक्रिया किंवा तपासणी पावसाळ्यात घेता आली तर मालकाचा होकार मिळणे खूपच सोपे जाते. सहकाऱ्यांनी आपली रजा देऊ केली तर तशी सोय कंपनीच्या नियमांत आहे का, हेही विचारून पाहावे.

राजीनाम्याआधी मांडायचा हिशेब

राजीनाम्याचा विचार मनात आलाच, तर कागद-पेन घेऊन पुढील गोष्टी एकेक करून तपासाव्यात. या भागात घाई करणाऱ्या कुटुंबांचे सर्वांत मोठे नुकसान होते.

कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. त्यानंतर आजारी मुलासाठी नवी पॉलिसी घ्यायला गेल्यास विमा कंपनी नकार देऊ शकते किंवा आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ लावू शकते. त्यामुळे नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीकडे सामूहिक पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याविषयी लेखी विचारणा करावी. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या बहुतेक कामगार स्त्रियांना कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू असतो आणि त्यात मुलांच्या उपचारांचाही समावेश होतो. गोव्यात त्याचे इस्पितळ मडगावला आहे. या योजनेत एप्रिल ते सप्टेंबर या काळातील वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ अवलंबून असतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. याचा अर्थ असा की राजीनाम्याची तारीख एखाद्या महिन्याने पुढे गेल्यानेही मुलाच्या उपचारांचे अर्धे वर्ष सुरक्षित होऊ शकते. शाखा कार्यालयात जाऊन आपला लाभकाळ कधी संपतो ते विचारूनच तारीख ठरवावी.

ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते आणि मंजूर रजेमुळे त्या सेवेत खंड पडत नाही. सेवेला चार वर्षे होऊन गेली असतील तर विनावेतन रजा घेऊन का होईना, पाच वर्षे पुरी करणे फायद्याचे असते. भविष्य निर्वाह निधीतून मुलाच्या आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते, ती परत करावी लागत नाही आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. उलट राजीनामा देऊन सगळी रक्कम आणि निवृत्तिवेतनाचा भागही काढून घेतला, तर निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या दहा वर्षांच्या सेवेची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

सरकारी साह्याचा विचार याच वेळी करावा. गोव्यात पाच वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबांसाठीच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन किंवा कमी सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, तर त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरवलेले आहे. कार्डाची मुदत आणि मुलाचे नाव त्यात आहे की नाही, हे आजच पाहावे. नोकरी सोडल्यास गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे पैसे मिळतील, असे काही घरांत बोलले जाते. महिन्याला दीड हजार रुपयांची ती मदत महत्त्वाची आहे, पण पगाराची जागा ती भरून काढू शकत नाही.

मुंबईला जावे लागले तर

कर्करोगाच्या उपचारांसाठी गोव्यातील अनेक कुटुंबे परळच्या टाटा मेमोरियल इस्पितळात जातात. तेथे पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सच्या निवासांत विनामूल्य जागा मिळते, परंतु तेथील प्रवेश इस्पितळामार्फतच होतो. रेल्वेत कर्करुग्णाला उपचारांच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री टियर एसी वर्गात पूर्ण सवलत, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत असते. इस्पितळाच्या विहित प्रमाणपत्राशिवाय मात्र ती मिळत नाही. मडगावहून संध्याकाळी सुटणारी कोकणकन्या एक्स्प्रेस सकाळी मुंबईला पोहोचते, त्यामुळे ठरलेल्या तपासणीसाठी आईची कामाची रजा दोन-तीन दिवसांत आटोपते. मूल स्थिर असताना अशा एखाद्या फेरीला वडील किंवा काका-मामा यांनी जावे. प्रत्येक वेळी आईच गेली पाहिजे असे नाही.

घरातील वाटणी कागदावर आणा

‘सगळे मिळून पाहू’ असे म्हणणाऱ्या घरात बहुतेक वेळा सगळे आईच पाहते. म्हणून कामांसमोर नावे लिहावीत: सकाळची औषधे कोण देणार, रक्ततपासणीला कोण नेणार, विम्याचे कागद कोण सांभाळणार, दुसऱ्या मुलाचा अभ्यास कोण घेणार. वडील जहाजावर किंवा आखातात असतील तर कागदपत्रे, फोन, बिले आणि ऑनलाइन अर्ज ही कामे त्यांनी दुरूनच पूर्णपणे आपल्याकडे घ्यावीत.

आजी, आत्या किंवा मावशी मुलाजवळ थांबणार असेल तर तिला आईच्या देखत आठ-दहा दिवस सगळे करू द्यावे. थर्मामीटर कसा वाचायचा, कोणते औषध जेवणाआधी द्यायचे, कोणत्या लक्षणाला थांबायचे नाही, हे तिला नीट ठाऊक असावे. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास घरी औषध देऊन वाट पाहायची नसते, तडक इस्पितळ गाठायचे असते. कांजिण्या झालेल्या व्यक्तीशी संपर्क आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे असते. वॉर्डाचा क्रमांक, १०८ रुग्णवाहिकेचा क्रमांक, मुलाचा रक्तगट, चालू औषधे आणि आईच्या कार्यालयाचा लँडलाइन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा. वाळपई किंवा काणकोणसारख्या ठिकाणाहून बांबोळी लांब पडते आणि संध्याकाळनंतर बस मिळेलच असे नसते, म्हणून ऐनवेळी गाडी काढू शकतील अशा दोन शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे.

पुन्हा रुजू होताना

रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी वरिष्ठांची वेळ मागून भेटावे. भेटीला जाताना उपचारांचा महिनावार कागद सोबत असावा आणि आपल्याला काय हवे ते मोजक्या, मंजूर करता येण्याजोग्या शब्दांत सांगावे. ‘मला थोडे सांभाळून घ्या’ या विनंतीला सगळेच हो म्हणतात, आणि पहिल्या अडचणीच्या दिवशी त्या होकाराचा अर्थ प्रत्येकाने वेगळा लावलेला आढळतो. त्याऐवजी ‘पहिले सहा आठवडे रात्रपाळी नको, दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी तपासणीसाठी सुट्टी हवी, मुलाला ताप आल्यास तासाभरात निघण्याची परवानगी हवी, आणि त्या दिवशीचे काम मी कोणाकडे सोपवायचे ते आताच ठरवू या’ असे बोलावे. ठरले ते त्याच संध्याकाळी आभाराच्या ईमेलमध्ये नमूद करावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा आढावा घेऊ असेही त्यात लिहावे. आढाव्याची तारीख असली की सवलत कायमची मागितली जात आहे ही वरिष्ठांची धास्ती कमी होते.

शक्य असल्यास गुरुवारी किंवा शुक्रवारी रुजू व्हावे, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचाच होतो. पहिल्या महिन्यात नवी जबाबदारी घेऊ नये. आपली पूर्वीची कामे दुसऱ्याकडे गेली असतील तर ती कोणत्या क्रमाने परत येणार हेही विचारून घ्यावे, कारण सहानुभूतीपोटी हलके काम देत राहणाऱ्या कार्यालयात बढतीच्या वेळी तेच हलके काम आईच्या विरोधात मोजले जाते. फोन सतत जवळ ठेवण्याची परवानगी नसलेल्या कारखान्यात किंवा वर्गात निरोप कोणामार्फत पोहोचेल, ते ठरवून घ्यावे.

मुलाचीही तयारी करावी लागते. महिनोन्‌महिने आईच्या कुशीत राहिलेले मूल ती बाहेर पडताना घाबरते, रडते, कधी जेवण सोडते. रुजू होण्यापूर्वी पंधरवडाभर आधी तासभर, मग दोन तास, मग अर्धा दिवस बाहेर जाऊन ठरल्या वेळी परत यावे. न सांगता मागच्या दाराने निघून जाऊ नये, कारण त्याने भीती वाढते. मूल शाळेत परतत असेल तर वर्गशिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना आधी भेटून औषधांच्या वेळा, टाळायचे खेळ आणि कोणत्या लक्षणाला फोन करायचा, ते लेखी द्यावे. शाळेची व्यवस्था पक्की झाल्याशिवाय आईचे कामावर लक्ष लागणार नाही, आणि तशी अपेक्षाही तिने स्वतःकडून करू नये.

आईची स्वतःची प्रकृती

उपचार संपल्यावर, सगळे सुटकेचा श्वास घेत असताना, अनेक आया खचतात. झोप न लागणे, इस्पितळाच्या वासाने किंवा फोनच्या आवाजाने छाती धडधडणे, कामात मन न लागणे, साध्या सर्दीनेही हातपाय गळणे, असे काही आठवडे टिकले तर त्यावर उपचार घ्यावेत. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य साहाय्यवाणीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलता येते, आणि बांबोळीलाच मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेचे इस्पितळ आहे. स्वतःच्या आजारपणाची रजा स्वतःच्याच नावाने घ्यावी. मुलासाठी राखलेले दिवस त्यात खर्च करू नयेत.

ज्या आईचे मूल या आजारातून वाचू शकले नाही, तिलाही एक दिवस कामाच्या जागी परतावे लागते. लवकर जाणे किंवा उशिरा जाणे, यांतले काहीही चूक नाही. विश्वासातल्या एका सहकाऱ्याने आधीच सगळ्यांना बातमी द्यावी आणि आईला कशाविषयी बोललेले चालेल, कशाविषयी नको, हे तिला विचारून इतरांना सांगावे. मुलाचा वाढदिवस आणि पहिली गणेशचतुर्थी या दिवसांची रजा आधीच टाकून ठेवावी.

रोजंदारी, घरकाम आणि स्वतःचा व्यवसाय

मासळी विकणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, शिलाईकाम किंवा खाणावळ चालवणाऱ्या आईला रजाच नसते. येथे जागा राखणे हेच मुख्य काम. घरकामाची घरे ओळखीच्या बदली बाईकडे ठरावीक मुदतीसाठी सोपवावीत आणि परतण्याचा महिना त्या घरांना स्वतः जाऊन सांगावा. बाजारातील बसण्याची जागा बहीण किंवा जाऊबाई यांनी चालू ठेवावी. स्वयंसाहाय्य गटाचे किंवा बँकेचे कर्ज असल्यास हप्ता चुकण्यापूर्वीच वैद्यकीय कागद दाखवून मुदत वाढवून मागावी. हप्ते थकल्यानंतर तीच मागणी मान्य होणे अवघड जाते.

खंड पडल्यावर नवी नोकरी शोधताना

नोकरी सुटलीच असेल तर अर्जात तो काळ लपवू नये. ‘कुटुंबातील वैद्यकीय कारणास्तव विराम’ असे एका ओळीत वर्षांसह लिहावे आणि मुलाखतीत दोन वाक्यांत सांगावे: उपचार पूर्ण झाले आहेत किंवा स्थिर टप्प्यात आहेत, आणि तपासणीसाठी वर्षातून अमुक दिवस लागतात. त्यापलीकडे मुलाच्या आजाराची सविस्तर हकिकत सांगण्यास उमेदवार बांधील नसतो. जुन्या कार्यालयाकडून अनुभवपत्र, शेवटची वेतनपावती आणि भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खातेदाराचा क्रमांक, मागून घ्यावा, आणि नव्या ठिकाणी तोच क्रमांक द्यावा, म्हणजे जुनी सेवा जोडली जाते. नव्या कंपनीच्या आरोग्य विम्यात मुलाचे नाव पहिल्या महिन्यातच घालून घ्यावे, कारण बहुतेक सामूहिक पॉलिसींमध्ये कुटुंबीयांची नावे नोंदवण्याची मुदत थोडी असते आणि ती चुकल्यास पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावे लागते.